भाड्याची बाकी आणि मोहलत
पुण्या-मुंबईत शिकणारी आपली मुले भागीदारीत खोली घेतात. एकजण मध्येच निघून जातो आणि त्याच्या वाट्याचे भाडे इतरांच्या माथी बसते. दोस्ती तुटेल म्हणून आपण मागत नाही. पण सूरह बकराच्या आयत 282 मध्ये उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. मग संकोच कसला? आपण भाडेकरार, यूपीआयच्या नोंदी, मेसेज जमवावेत आणि रक्कम लिहून मागणी करावी. तो खरोखर तंगीत असेल, तर आयत 280 प्रमाणे मोहलत द्यावी. मात्र बाकी सहीनिशी लिहून घ्यावी. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारणपणे 3 वर्षे असते. मुदतीच्या आत अशी लेखी कबुली मिळाली, तर ती तेव्हापासून नव्याने मोजली जाते.