बिल बघून घाम फुटतोय?

मे महिन्यातली रात्र. ऑफिसातून दमूनभागून आलात, रिमोट उचललात आणि एसी थेट १८ वर! पहाटे कुडकुडत पांघरूण शोधलंत. महिनाअखेरीस बिल आलं आणि पुन्हा घाम फुटला. ओळखीची वाटतेय ना ही स्टोरी?

हा मामला फक्त खिशापुरता नाही, मंडळी. आपली बरीचशी वीज आजही चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच तयार होते. देशाच्या ग्रिडची सरासरी धरली तर एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे आपण बेडरूम गार करतो आणि बाहेरचा उन्हाळा वाढवतो!

उपाय? आधी फुकटातला. एसी २४ वर ठेवा, सोबत पंखा मंद सोडा. एकेक डिग्री वर गेलात की एसीची सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. म्हणूनच २०२० पासून नवे एसी २४ वरच सेट होऊन येतात. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही रिमोटने नाही, बटणावरून बंद करा.

आता पंख्याकडे बघा. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा साधारण ३० वॅट. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचतात, म्हणजे ११ किलो कार्बन डायऑक्साइड कमी. तेही एकाच पंख्यामागे!

'पण फ्लॅट भाड्याचा आहे, पंखे ओनरचे!' बरोबर. इथेच सगळं अडतं. बिल भाडेकरू भरतो, वस्तू मालक घेतो. मग महाग पंखा घ्यायचा कोणी? हिशोब करू. पंखा ३,००० रुपयांचा, युनिट १० रुपयांचं धरलं, तर पैसे वसूल व्हायला दीड-पावणेदोन वर्षं लागतात. अ‍ॅग्रीमेंट मात्र ११ महिन्यांचं!

यावर सोपी युक्ती आहे. ओनरचा पंखा पुसून माळ्यावर ठेवा, स्वतःचा लावा. घर सोडताना इलेक्ट्रिशियनला बोलवून तो उतरवा आणि जुना परत चढवा. गादी, मिक्सर, कुंड्या नेताच ना? तसाच पंखाही न्या.

सुरुवात बेडरूमच्या एका पंख्यापासून करा. पुढच्या मे महिन्यात बिल उघडताना हात थरथरणार नाही, प्रॉमिस!