हैदराबादची ‘राजकन्या’

हैदराबादच्या पब्लिक गार्डनमध्ये, नामपल्लीच्या बाजूला, तेलंगण राज्याचे पुरातत्त्व संग्रहालय आहे. तेथील एका हवाबंद पेटीत कापडात गुंडाळलेली एक इजिप्शियन ममी ठेवलेली आहे. तिचे नाव नैशू असे सांगितले जाते, आणि ती ‘सहाव्या फारोची कन्या’ असल्याचे गेली कित्येक दशके वर्तमानपत्रांत आणि सहलींच्या माहितीपत्रकांत छापून येत आहे. हे संग्रहालय पाहायला आलेला माणूस बाकीची दालने भराभर उरकतो आणि या पेटीपाशी मात्र रेंगाळतो.

या लेखमालेत तुतनखामूनच्या मुखवट्याचा भाग या आठवड्यात यायचा होता. तो पुढे ढकलला आहे, कारण जालना जिल्ह्यातील एका वाचकाच्या पत्राला आधी उत्तर देणे भाग आहे. मराठवाड्यातल्या माणसाला फारोच्या घराण्यातले कोणी जवळात जवळ कोठे पाहता येईल, आणि हैदराबादची राजकन्या खरोखर राजकन्या आहे का, असे दोन प्रश्न त्यात आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे.

जालन्याच्या वाचकाने हैदराबादबद्दल विचारावे, हे साहजिकच. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत जालना हा निजामाच्या राज्यातील औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. त्यामुळे 1930 मध्ये ‘हैदराबाद म्युझियम’ म्हणून सुरू झालेले हे संग्रहालय जालन्याच्याही राज्याचे होते. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी होते. अजिंठ्याच्या चित्रांवरील मोठे ग्रंथ त्यांनीच सिद्ध केले, आणि पैठणचे उत्खननही त्यांच्याच काळातले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. संग्रहालय अर्थातच हैदराबादेत राहिले, आणि ममीही.

ममी हैदराबादेत कशी आली याची हकिकत अशी सांगतात. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे जावई नजीर नवाज जंग यांनी 1920 च्या सुमारास ती 1000 पौंडांना विकत घेतली आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना भेट दिली. त्यांनी ती संग्रहालयाला दिली. यात अविश्वसनीय काही नाही. पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर इजिप्तमध्ये 1835 पासूनच बंधन होते, पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परवानाधारक दुकानदार होते आणि खुद्द कैरोच्या संग्रहालयात विक्रीचे दालन होते. हा व्यापार पुरता बंद झाला तो 1983 च्या कायद्याने. पैसा असणाऱ्याला ममी मिळत असे, आणि विकणारा तिच्यासोबत एक गोष्टही देत असे. साध्या गृहिणीपेक्षा राजकन्येला भाव जास्त येणार, हे कैरोच्या दुकानदाराला कोणी शिकवायला नको होते.

आता पुरावा. ममी राजघराण्यातील आहे हे ठरवायला तीन गोष्टी पाहतात. ती कोणत्या थडग्यात सापडली, ही पहिली. शवपेटीवर किंवा कापडावर नाव आणि पदवी आहे का, ही दुसरी. राजाचे नाव लांबट वर्तुळाच्या चौकटीत, म्हणजे कार्तूशात, लिहिले जाई. राजकन्येच्या नावाआधी ‘राजाची मुलगी’ ही पदवी येई. तिसरी गोष्ट म्हणजे शव टिकवण्याची आणि सजवण्याची पद्धत, जिच्यावरून काळ ठरतो. दुकानातून आलेल्या ममीच्या बाबतीत पहिला पुरावा गेलेलाच असतो. हैदराबादच्या ममीबाबत कार्तूशातील पित्याचे नाव कोणी दाखवलेले नाही, म्हणजे दुसराही हाती नाही. उरते ती पद्धत.

तिच्यावर कार्टनाजची रंगीत आवरणे आहेत. कार्टनाज म्हणजे तागाच्या कापडाचे किंवा रद्दी पपायरसचे थर डिंकाने चिकटवून, वर चुन्याचा पातळ लेप देऊन केलेले कडक कवच. कागदाच्या लगद्याच्या गणेशमूर्ती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे काम लगेच कळेल. जुन्या काळी असे कवच अख्ख्या शरीराला एकसंध घालत. टॉलेमी या मॅसिडोनियन ग्रीक घराण्याच्या काळात मुखवटा, छातीवरची माळ, पोटावरची पट्टी आणि पायांचे आवरण असे वेगवेगळे तुकडे गुंडाळलेल्या शवावर बसवू लागले. संग्रहालयही या ममीचा काळ साधारण इ.स.पू. 300 ते 100 असाच देते. त्या काळात शव टिकवणे ही राजाची मक्तेदारी राहिली नव्हती. खाऊनपिऊन सुखी असलेली कुटुंबे आपल्या माणसांच्या ममी करवून घेत, आणि मुखवट्याला सोन्याचा वर्ख लावणे हेही ऐपतीचे काम होते, राजपदाचे नव्हे. देवांचे अंग सोन्याचे असते अशी श्रद्धा होती. मृताला देवत्व मिळावे म्हणून चेहरा सोनेरी. पेटीसमोर उभा राहणारा प्रेक्षक नेमका इथेच फसतो. सोने दिसले की त्याला राजा दिसतो.

‘सहावा फारो’ हे शब्द तर हिशेबात कोठेच बसत नाहीत. इजिप्तमध्ये तीस घराणी होऊन गेली आणि फारोंना पहिल्यापासून सरसकट क्रमांक देण्याची प्रथा नाही. पहिल्या घराण्यापासून मोजत गेले तर सहावा राजा इ.स.पू. 2900 च्या आसपास येतो. तेव्हा असली कार्टनाजची आवरणे नव्हती. सहावा टॉलेमी घेतला तर काळ जुळतो. टॉलेमी सहावा फिलोमेटर याची कारकीर्द इ.स.पू. 180 ते 145. पण त्याच्या मुली इतिहासाला ठाऊक आहेत. क्लिओपात्रा थेआ सीरियाची राणी झाली, क्लिओपात्रा तिसरी इजिप्तची. नैशू नावाची मुलगी त्यांत नाही. शिवाय हे घराणे अलेक्झांड्रियात नांदत असे आणि तेथील त्याची राजथडगी आजवर सापडलेली नाहीत. मग ‘सहावा’ हा आकडा आला कोठून? सहाव्या निजामाच्या जावयाने आणलेल्या ममीला सहाव्या फारोची मुलगी ठरवताना सांगणाऱ्यांच्या तोंडी दोन्ही आकडे एकत्र झाले असावेत, असा तर्क करायला मोह होतो. तो तर्कच आहे.

काळाचा हा निष्कर्ष मात्र जालन्याच्या दृष्टीने राजकन्येपेक्षा मोलाचा आहे. टॉलेमींच्याच कारकिर्दीच्या उत्तरार्धात, इ.स.पू. 118 च्या सुमारास, युडॉक्सस नावाचा दर्यावर्दी इजिप्तहून मोसमी वाऱ्यांवर हिंदुस्थानला आला आणि थेट सागरी वाट खुली झाली. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण आणि तेर येथून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या मालाची नोंद आहे. जालना जिल्ह्यातील आजचे भोकरदन म्हणजे त्या काळचे भोगवर्धन. तिथल्या रहिवाशांनी दिलेल्या दानांचे लेख थेट सांचीच्या स्तूपावर आहेत. 1970 च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले तेव्हा एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिचा वरचा भाग तुटलेला आहे, पण पायांपाशी उभ्या असलेल्या दासी आणि दागिन्यांची घडण पाहिली की इटलीतील पोम्पेईत सापडलेली प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्ती आठवते. असा माल रोमला पोचण्याची मोठी वाट तांबड्या समुद्रावरील इजिप्तच्या बंदरांतून जाई. त्यांपैकी बेरेनिके येथे सेरापिसच्या मंदिरात भारतीय बनावटीच्या मडक्यात साडेसात किलो काळी मिरी सापडली आहे. नैशू कोणीही असो, तिच्या पणतवंडांच्या पिढीने दख्खनचा माल पाहिलेला असणे अशक्य नाही.

भारतातील इतर ममींची कथा फार वेगळी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या संग्रहालयासाठी घेतलेली ममी 1895 मध्ये आली, तीही न्यूयॉर्कहून. जयपूरच्या अल्बर्ट हॉलमधील तुतू ही अखमीम येथील, पुरोहित कुटुंबातील. ऑगस्ट 2020 च्या पावसात तळघरात पाणी शिरले तेव्हा काच फोडून तिला बाहेर काढावे लागले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात 2012-13 मध्ये ब्रिटिश म्युझियमचे प्रदर्शन आले होते. त्यातील नेस्परेन्नुब हा कर्नाकच्या खोन्सू मंदिरातला पुजारी, काळ सुमारे इ.स.पू. 800. त्याची शवपेटी बंदच होती. सीटी स्कॅनवरून केलेले त्रिमितीय चित्रण प्रेक्षक खास चष्मे लावून पाहत. त्यात डोक्याच्या मागे चिकटलेले एक ओबडधोबड मातीचे वाडगे दिसले. बहुधा शवावर ओतलेली राळ ठिबकत होती ती गोळा करायला कोणीतरी वाडगे खाली धरले, राळ घट्ट झाली, वाडगे निघेना. तेव्हा ते तसेच ठेवून वरून कापड गुंडाळले. ओढाओढीत कातडी निघाल्याच्या खुणाही स्कॅनमध्ये दिसतात. हा पुजारी राजा नव्हता. पण त्याचे नाव, बापाचे नाव आणि हुद्दा पेटीवर लिहिलेला आहे, आणि अभ्यासाच्या दृष्टीने तो ओळख न पटलेल्या राजकन्येपेक्षा सरस ठरतो.

खरे फारो पाहायचे तर कैरोला जावे लागते. 1881 मध्ये देर अल-बहरीच्या गुप्त विवरातून राजांच्या ममी बाहेर आल्या, तेव्हा त्यांची ओळख पटली ती शाईच्या टिपणांवरून. चोरांच्या भीतीने पुरोहितांनी शवे हलवली, पुन्हा गुंडाळली आणि कापडावर व पेट्यांवर कोणाला कधी कोठून आणले ते लिहून ठेवले. दुसरा रामसेस असाच सेती राजाच्या थडग्यातून तेथे पोचला होता. पुढे पॅरिसमध्ये 1976 च्या तपासणीत त्याच्या नाकात मिरीचे दाणे आढळले. मिरी भारतातली. 3 एप्रिल 2021 रोजी 18 राजे आणि 4 राण्या यांच्या ममी मिरवणुकीने कैरोच्याच फुस्तात भागातील नव्या संग्रहालयात नेण्यात आल्या.

नैशूकडे परत येऊ. हैदराबादेत तिची कापडे खराब होऊ लागली होती. 2016 मध्ये तिचे एक्स-रे आणि सीटी स्कॅन झाले, मुंबईच्या वास्तुसंग्रहालयातील जतनतज्ज्ञांनी तिच्यावर काम केले, आणि तिला नायट्रोजन भरलेल्या प्राणवायुरहित पेटीत ठेवले गेले. प्राणवायू नसला की कीड आणि बुरशी वाढत नाही. आत खरोखर एका माणसाचा सांगाडा आहे, हे स्कॅनने सांगितले. नाव सांगणे स्कॅनच्या आवाक्यातले नाही. पत्रलेखकाने हैदराबादला जरूर जावे. टॉलेमींच्या काळातील सुखवस्तू घरातली बाई म्हणून तिला पाहावे आणि आवरणांच्या रंगकामाकडे सावकाश लक्ष द्यावे. तुतनखामूनचा मुखवटा पुढील आठवड्यात.