सर्वांच्या हातचा नकाशा

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत ७ तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळली, आणि मदतीला धावलेल्या पथकांकडे शहराचा धड नकाशाही नव्हता. मग उपग्रह कंपन्यांनी ताजी छायाचित्रे खुली केली. ती पाहून जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर रस्ते, पडलेल्या इमारती, निर्वासितांच्या छावण्या रेखाटल्या. काही दिवसांत बराचसा कोरा भाग भरला, आणि तोच नकाशा जीपीएस यंत्रांत घालून बचावपथके गल्लीबोळांत शिरली. हैती कधी न पाहिलेल्या माणसांचे हे काम आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. खाते उघडून कुणीही त्यात भर घालू शकतो, आणि श्रेय देऊन कुणीही तो वापरू शकतो, त्यातली माहिती फुकट उतरवून घेऊ शकतो. चुका होतात, पण प्रत्येक बदलाची नोंद राहते, त्यामुळे दुसरा कुणी त्या दुरुस्त करतो. उपग्रहाच्या छायाचित्रात रस्ता दिसतो, त्याचे नाव मात्र दिसत नाही. ते तिथल्या रहिवाशालाच ठाऊक. वाडीचे नाव, आरोग्य उपकेंद्र, पावसाळ्यात बुडणारा साकव ही भर गावातल्या माणसानेच घालायची असते. मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे. नाव देवनागरीत लिहिता येते.