हरकतीची मुदत संपण्यापूर्वी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींच्या गर्दीत, कधी कधी बारीक अक्षरांतली एक सूचना छापून येते. ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये’ अशी तिची सुरुवात असते. पुढे कलमांचे आकडे, सर्व्हे नंबर आणि शेवटी आयुक्तांचे किंवा मुख्याधिकाऱ्यांचे नाव. बहुतेक घरांत ते पान तसेच उलटले जाते. पण आपल्या मोहल्ल्यातील मुलांचे मैदान, शाळेची जागा, दवाखाना, कब्रस्तानाची वाढीव जमीन आणि घरासमोरच्या रस्त्याची रुंदी यांचा निर्णय त्याच चार ओळींतून सुरू होत असतो. निर्णय झाल्यावर मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात. तोपर्यंत कायद्याने दिलेली मुदत मात्र संपलेली असते.

शहराचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो. कोणती जमीन राहण्यासाठी, कोणती कारखान्यांसाठी, कोठे बाग, कोठे बाजार, कोठे शाळा, हे त्यात ठरते. महापालिका किंवा नगरपरिषद आधी प्रारूप आराखडा प्रसिद्ध करते आणि हरकती व सूचना मागवते. त्यासाठी राज्यात सर्वसाधारणपणे ३० दिवसांची आणि बृहन्मुंबईसाठी ६० दिवसांची मुदत कायद्यात ठेवलेली आहे. मुदतीत आलेल्या हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते. महापालिकेत या समितीवर स्थायी समितीचे सदस्य आणि नियोजनाची जाण असलेले तज्ज्ञ असतात. त्यानंतर आराखडा राज्य सरकारकडे मंजुरीसाठी जातो. म्हणजे सामान्य रहिवाशाला आपले म्हणणे थेट मांडण्याची खरी संधी याच टप्प्यावर असते.

ही संधी घेतली तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. फेब्रुवारी २०१५मध्ये मुंबईचा २०३४पर्यंतचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. लोकांनी नकाशे उघडून पाहिले तेव्हा चुकाच चुका दिसू लागल्या. उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले होते, प्रार्थनास्थळे आणि जुन्या वारसा वास्तू चुकीच्या दाखवलेल्या होत्या. काही स्थानकांच्या परिसरात चटईक्षेत्र निर्देशांक ८पर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता. सोसायट्या, कोळीवाडे, गावठाणे, वास्तुरचनाकार आणि सर्व समाजांचे लोक पुढे आले. हजारो हरकती दाखल झाल्या. अखेर एप्रिल २०१५मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६मध्ये आले आणि मंजुरी २०१८मध्ये मिळाली. पुण्यातही २०१३च्या प्रारूप आराखड्यावर ८० हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या होत्या. प्रत्येकाचे म्हणणे मान्य झाले असे नाही, पण एवढ्या लोकांनी लिहून दिल्यावर ते दुर्लक्षून पुढे जाणे सोपे राहिले नाही.

आरक्षण गुपचूप जाते तेव्हा

आराखडा मंजूर झाला म्हणजे मैदान मिळाले, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. आराखड्यात एखाद्या खासगी जमिनीवर मैदानाचे आरक्षण पडले, तरी ती जमीन ताब्यात घेण्याचे काम पालिकेला करावे लागते. दहा वर्षांत ते झाले नाही तर जमीनमालक कलम १२७प्रमाणे नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरच्या मुदतीत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. ही मुदत पूर्वी १२ महिन्यांची होती. २०१५च्या दुरुस्तीने ती २४ महिन्यांची झाली. नुसता ठराव करून किंवा पत्र लिहून भागत नाही, संपादनाच्या दिशेने खरी कृती हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितले.

या तरतुदीत अन्याय आहे असे म्हणता येणार नाही. ज्याच्या चार गुंठ्यांवर आरक्षण आहे, त्याला तेथे घर बांधता येत नाही आणि मोबदलाही मिळत नाही. त्याला किती वर्षे लटकत ठेवायचे? पण दुसऱ्या बाजूला, ज्या वस्तीत दोन खोल्यांत सात माणसे राहतात, तेथे एक मैदान गेले तर मुले रस्त्यावर खेळतात आणि मुलींचे खेळणे तर बंदच होते. म्हणून मालकाची नोटीस आली आहे का, पालिकेने अंदाजपत्रकात संपादनासाठी पैसे ठेवले आहेत का, हे रहिवाशांनी दरवर्षी विचारायला हवे. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्याने ही माहिती ३० दिवसांत मिळायला हवी.

रहिवाशांना विचारण्याचा हक्कच काय, असा प्रश्न कोणी केला तर बंगळुरूचे उदाहरण सांगावे. तेथील राजमहल विलास विस्तारात उद्यानासाठी ठेवलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या सूचनेवरून खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली. परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालयही लोकांच्याच उपयोगाचे आहे, असा युक्तिवाद झाला. १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. मोकळी जागा ही रहिवाशांच्या आरोग्यासाठी असते, ती वाचवण्यासाठी दाद मागण्याचा त्यांना अधिकार आहे, असे ठरले आणि जागेचे वाटप रद्द झाले.

बांधकाम परवानगीचा प्रश्न

एकेका इमारतीच्या परवानगीचे मात्र वेगळे आहे. इंग्लंडमध्ये बांधकामाचा अर्ज आला की स्थानिक परिषद तो जाहीर करते आणि मत नोंदवायला किमान २१ दिवस देते. आपल्याकडे शेजारच्या भूखंडावर मजले चढणार असतील तर शेजाऱ्याला कळवण्याची अशी सर्वसाधारण सक्ती नाही. अर्जदार आणि नगररचना विभाग यांच्यातच तो व्यवहार होतो. म्हणून पाणी कोठून येणार, सांडपाणी कोठे जाणार, अग्निशमन दलाची गाडी गल्लीत शिरणार का, हे प्रश्न इमारत उभी राहिल्यावर पडतात.

निदान घर घेताना तरी ते आधी पडायला हवेत. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मरण पावली. बांधकाम चालू असतानाच तेथे कुटुंबे राहायला आली होती. त्यांना हौस नव्हती. परवडणारे दुसरे छप्पर नव्हते. श्रीमंत वस्तीही यातून सुटलेली नाही. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात पाच मजल्यांच्या परवानगीवर कितीतरी जास्त मजले चढले आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी तेथे घरे घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये वरचे मजले बेकायदा ठरवले, २०१४मध्ये वीज-पाणी तोडण्याची कारवाई झाली. बिल्डर तोपर्यंत पैसे घेऊन मोकळे झाले होते.

मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांचे नकाशे आणि परवानग्या २०१७पासून संकेतस्थळावर पाहता येतात. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना हे काम सांगावे. दागिने मोडून घर घेणाऱ्या अम्मीला त्या तीन कागदांची नावे पाठ असायला हवीत.

हरकत कशाला?

हरकत लिहिताना एक भान ठेवावे लागते. रस्ता अरुंद आहे, उजेड अडेल, पाण्याचा दाब कमी पडेल, शाळेची जागा जाते, या हरकती जमिनीच्या वापराविषयी आहेत. ‘अमुक लोक येथे राहायला येतील’ ही हरकत नव्हे, तो द्वेष आहे. नाव ऐकून घर भाड्याने नाकारले जाण्याचा अनुभव आपल्यातील अनेक कुटुंबांनी घेतला आहे. म्हणूनच गरिबांच्या पुनर्वसनाची इमारत, परप्रांतीयांची चाळ किंवा दुसऱ्या धर्माचे प्रार्थनास्थळ शेजारी येणार म्हटल्यावर आपल्या तोंडून तेच शब्द निघता कामा नयेत. आपली वास्तू बांधतानाही तोच नियम लागू आहे. मस्जिद असो, मदरसा असो की शादीखाना, परवानगी आधी घ्यावी, वाहने उभी करण्याची सोय दाखवावी, शेजाऱ्यांना नकाशा समजावून सांगावा. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

प्रत्यक्ष काम अवघड नाही. आपल्या जागेचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन नगररचना विभागातून आराखड्याचा भाग नकाशा मिळवावा. सूचना प्रसिद्ध झाली की शेवटची तारीख लिहून भिंतीवर लावावी. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल तरी कलम ३७प्रमाणे एक महिन्याची सूचना द्यावी लागते, तीही नजरेतून सुटू देऊ नये. हरकत साध्या मराठीत चालते. नकाशावरील जागा, होणारी अडचण आणि आपली पर्यायी सूचना एवढे लिहावे, ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे’ ही ओळ घालावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सुनावणीला घरातल्या महिलांनीही जावे. नळाला पाणी किती वाजता येते आणि मुलांना शाळेत नेताना रस्ता कोठे ओलांडावा लागतो, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही.

जमातीच्या किंवा सोसायटीच्या पुढच्या बैठकीत दोन-तीन जणांवर एवढीच जबाबदारी द्यावी: पालिकेच्या सूचना वाचणे, नकाशाची प्रत आणणे आणि मुदत संपायच्या आठ दिवस आधी सगळ्यांना कळवणे.