उगवण दिसत नाही? आधी पापडी तपासा



पेरणी झाली, वरून जोराची सर आली आणि मग दोन-तीन दिवस कडक ऊन पडलं. आठवड्याने शेतात गेलं तर सोयाबीनच्या ओळी तुटक, कांद्याच्या उळ्यात जागोजागी टक्कल. लगेच मनात येतं, "बियाणं बोगस निघालं, मोडून दुबार पेरू." थांबा. आधी खुरपं घ्या आणि चार-पाच ठिकाणी ओळीवरची माती अलगद उचलून बघा.

🔎 खाली काय दिसतं?
▪️ कोंब जिवंत, पण वाकडा झालेला आणि वर कडक थर : ही पापडी. पीक अजून वाचू शकतं.
▪️ बी मऊ, कुजलेलं : पाणी साचलं किंवा बी फार खोल गेलं.
▪️ बी कोरडं, न फुगलेलं : ओल पोचलीच नाही.
▪️ ओल आहे, खोली बरोबर आहे, पापडी नाही, तरी कोंब नाही : आता बियाण्यावर शंका घ्या. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. पिशवी, टॅग, बिल आणि उरलेलं थोडं बी जपून ठेवा. पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नका.

🌧️ पापडी धरते कशी?
पावसाचा मोठा थेंब ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीचे कण त्या माराने फुटतात. कोरडं ढेकूळ एकदम भिजलं की आत अडकलेली हवा दाबली जाते आणि ढेकूळ आतूनच फुटतं. सुटलेली बारीक माती पाण्याबरोबर जमिनीच्या छिद्रांत जाऊन बसते आणि तोंडं बुजतात. हा लिंपलेला थर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, पण पाणी आत मुरू देत नाही. म्हणून सर मोठी होऊनही पाणी बांधावरून वाहून जातं आणि खाली वीतभरही ओल सापडत नाही. येवला, सिन्नर, चांदवडसारख्या कमी पावसाच्या पट्ट्यात हे नुकसान दुप्पट : बी अडकतं आणि पाणीही जातं.

ऊन पडलं की हाच थर वाळून कडक होतो. मका टोकदार कोंबाने तो फोडून निघतो. सोयाबीन मात्र दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन, मान वाकवून वर येतं. पापडीखाली तीच मान मोडते. कांद्याच्या कोंबात तर तेवढा जोरच नसतो.

⚠️ कुठे जास्त होते?
रोटाव्हेटर दोन-तीनदा मारून पिठासारखी केलेली जमीन, शेणखत न मिळालेली जमीन आणि चोपण जमीन. बोअरचं पाणी सोडियमयुक्त असेल तर माती लवकर विरघळते.

🥛 घरी करायची परीक्षा : शेंगदाण्याएवढं कोरडं ढेकूळ पावसाच्या पाण्याच्या ग्लासात हळूच सोडा, ढवळू नका. पाच मिनिटांत विस्कटलं तर सेंद्रिय खत कमी पडतंय. काही तासांनी ढेकळाभोवती पाणी दुधाळ झालं तर सोडियमची शंका. माती परीक्षण करूनच जिप्समचं प्रमाण ठरवा, शेजाऱ्याने टाकलं म्हणून टाकू नका.

✅ आत्ता काय करायचं?
१) तुषार संच असेल तर संध्याकाळी थोडा वेळ चालवून पापडी मऊ करा. रेनगनचे जाड थेंब नकोत, त्याने पुन्हा पापडी धरते.
२) संच नसेल तर पापडी दमट असतानाच काटेरी फांदी ओळीवरून अलगद ओढा. हे कोंब मातीखाली असेपर्यंतच. माना वर दिसू लागल्या की ओढू नका.
३) उळ्यात खुरपं घालू नका. झारीने किंवा बारीक तुषाराने वरची माती ओली ठेवा.
४) सोयाबीन फांद्या करून विरळपणा बराच भरून काढतं. ओळी दिसत असतील तर मोडू नका, मोठ्या खाड्यांत नांग्या भरा.

🌱 पुढच्या वेळी
▪️ ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर, वाफसा बघून पेरा. सोयाबीन ३ ते ५ सेंमीपेक्षा खोल नको.
▪️ रोटाव्हेटर एकदाच. सुपारीएवढी ढेकळं राहिली तर राहू द्या, थेंबाचा मार तीच झेलतात.
▪️ उळं गादीवाफ्यावरच टाका. बी मातीऐवजी चाळलेल्या कुजलेल्या शेणखताने झाका, वर भाताचा पेंढा पसरा. कोंब दिसताच पेंढा संध्याकाळी काढून घ्या.
▪️ काडीकचरा जाळू नका. जमिनीवर जे पांघरूण राहील तेवढा पाऊस आत मुरेल.

पापडी की बियाणं, हे ठरत नसेल तर उचललेल्या मातीचा आणि कोंबाचा जवळून फोटो ग्रुपवर टाका. दुबार पेरणीचा खर्च करायच्या आधी टाका, नंतर नको.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, नाशिक