चंद्र टिपायचाय? पौर्णिमा सोडा, चतुर्दशी धरा

कोजागरीला मसाला दूध उकळायच्या आतच गच्चीवर सगळ्यांचे फोन वर जातात, आणि गॅलरीत जमा होतात नुसते पांढरे ठिपके. फोनला शिव्या देऊ नका, घोळ बराचसा वेळेचा आहे. डोंगरामागून वर येणारा चंद्र आधी पंचांगात शोधायचा, मग कॅमेऱ्यात.

पन्नास मिनिटांचा खेळ
चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो साधारण सूर्यास्तालाच क्षितिजावर येतो, पण हा हिशेब सपाट क्षितिजाचा झाला. समोर १० किलोमीटरवर हजार मीटर उंच कडा असेल, तर त्यावरून डोकं काढायला चंद्राला आणखी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोवर आपल्याकडचा संधिप्रकाश आटोपत आलेला असतो. चतुर्दशीला मात्र चंद्र तासभर आधी निघतो आणि कड्यावर मावळतीचं ऊन असतानाच वर येतो. डोंगरही दिसतो, चंद्रावरचे डागही.

यात कोकणवाले नशीबवान. सह्याद्रीची अख्खी भिंत त्यांच्या पूर्वेला, शिवाय संध्याकाळचं ऊन थेट तिच्या अंगावर. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर चंद्रोदयाची वाट पाहत बसणाऱ्यांना मात्र नमस्कार. त्या कड्याचं तोंड पश्चिमेला आहे. तिथं पौर्णिमेची रात्र काढा आणि पहाटे मावळता चंद्र टिपा.

मीटर हरवला, फोटो अमर झाला
१ नोव्हेंबर १९४१. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स मोटारीनं सांता फेकडे परतत होता. हर्नांडेझ गावाशी त्याला दिसलं ते असं: दूर बर्फाळ डोंगर, त्यावर चंद्र आणि खाली दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर शेवटचं ऊन. गाडी थांबवून त्यानं आठ बाय दहा इंची फिल्मचा अवजड कॅमेरा उभा केला, पण लाइट मीटर सापडेना! चंद्राची तेजस्विता मात्र तोंडपाठ होती: दर चौरस फुटाला २५० कँडल. त्यावरून मनातल्या मनात गणित मांडून त्यानं एफ/३२ वर एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. खबरदारी म्हणून दुसरा फोटो घ्यायला फिल्म होल्डर उलटा केला, तोच क्रुसांवरचं ऊन गेलं. हाती राहिली एकच निगेटिव्ह. तिच्यापासून पुढे त्यानं १३०० च्या वर प्रिंट काढल्या, आणि वर्षं गेली तसं त्यातलं आकाश अधिकाधिक काळं होत गेलं.

तारीख मात्र हा पठ्ठ्या विसरला. कधी १९४१ सांगे, कधी १९४४. शेवटी चंद्राच्या जागेवरून खगोल अभ्यासकांनीच ती शोधली. १९९१ मध्ये डेनिस डी चिको यांनी तर दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं अशी वेळही काढून दिली. आणि हो, त्या दिवशी पौर्णिमेला दोन दिवस बाकी होते.

अ‍ॅडम्सच्याच योसेमिटीतल्या ‘ऑटम मून’ या फोटोची तारीख टेक्सासचे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी १५ सप्टेंबर १९४८ अशी काढली. चंद्राच्या कला १९ वर्षांनी त्याच तारखांना परत येतात. त्या हिशेबानं, तीन फेऱ्यांनी, १५ सप्टेंबर २००५ ला तोच देखावा पुन्हा जमणार होता. तो फोटो जिथून घेतला त्या ग्लेशियर पॉइंटवर त्या संध्याकाळी हौशी मंडळींची ही गर्दी!

उगवताना मोठा? छे!
हात लांब करून करंगळी चंद्रावर धरा. उगवतीला झाकला जातो, तसाच मध्यरात्रीही. उलट क्षितिजावर तो आपल्यापासून किंचित लांब असल्यानं दीड-दोन टक्के लहानच असतो. मोठेपणा सगळा डोळ्यांचा.

फोटोत तो मोठा करायचा तर मागे सरका. माणूस चंद्राएवढा दिसायला सुमारे २०० मीटर अंतर लागतं, वीस मीटर उंचीच्या दीपगृहाला सव्वादोन किलोमीटर. एवढ्या लांबून टिपायचं म्हणजे लेन्सही तशीच हवी: ५० मिमीच्या लेन्सनं सेन्सरवर चंद्र अर्धा मिलिमीटरही भरत नाही, ४०० मिमीनं साडेतीन.

चंद्राची जमीन झिजलेल्या डांबरी रस्त्याइतकीच काळपट आहे. पडलेल्या उजेडातला जेमतेम १२ टक्के ती परत पाठवते. तरी फोटोत तो पांढराफटक येतो, कारण तिथं भर दुपारचं ऊन असतं आणि आपण कॅमेरा रात्रीसाठी लावतो. म्हणून वर आलेल्या चंद्राला एफ/११, आयएसओ १०० आणि सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. डोंगरालगत असताना हवा उजेड खाते, तेव्हा थोडा जास्त द्या.

जागा एकच धरून बसू नका. मार्गशीर्षातला पूर्ण चंद्र ईशान्येकडे सरकून उगवतो, ज्येष्ठातला आग्नेयेकडे. दर दोन मिनिटांना तो स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, तेव्हा ट्रायपॉडची खुंटी आधीच आवळून ठेवा आणि चहा नंतर घ्या.