परिसंवाद : व्यासपीठावरील आसन आणि समोरचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतील एका वस्तीत जयंतीनिमित्त शिक्षणविषयक परिसंवाद ठेवण्यात आला होता. चार वक्त्यांपैकी मी एक होतो. स्वागत झाले, शाल आणि पुष्पगुच्छ झाले, चौघांची भाषणे झाली. मंडप आवरण्याची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतील एक माउली उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, मुलगा दहावीला आहे. त्याला डिप्लोमाला घालू की अकरावीला?" पहिल्या वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगितले. दुसऱ्याने खाजगीकरणावर टीका केली. मी बाबासाहेबांच्या शिक्षणविषयक विचारांची उजळणी केली. टाळ्या झाल्या आणि ती माउली खाली बसली. तिला उत्तर कोणीही दिले नाही. मी स्वतः डिप्लोमा करून अभियंता झालो होतो, मला ते उत्तर ठाऊक होते, आणि तरीही मी ते दिले नाही.

आपल्या निवासी शाळेचे माजी विद्यार्थी आज निरनिराळ्या क्षेत्रांत आहेत. कोणी तळोज्याच्या कारखान्यात अभियंता आहे, कोणी कळंबोलीच्या लोखंड बाजारात हिशेब सांभाळतो, कोणी शिक्षिका, परिचारिका वा वकील आहे. व्यावसायिक संघटनांच्या चर्चासत्रांत आणि समाजाच्या कार्यक्रमांत त्यांना बोलावले जाऊ लागले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु परिसंवादात भाग कसा घ्यावा, हे आपणांस सहसा कोणी शिकवीत नाही. भाषण करता येणारा मनुष्य परिसंवादातही सहज निभावून जाईल, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही.

व्याख्यानात एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. वादविवाद स्पर्धेत बाजू आधीच ठरलेली असते आणि ती जिंकायची असते. परिसंवादात यांपैकी काहीच नसते. तेथे अनेकांनी मिळून एका विषयाचा शोध घ्यावयाचा असतो. म्हणून वक्त्याची कसोटी तो किती चांगले बोलला यावर ठरत नाही. त्याने शेजाऱ्याचे किती ऐकले आणि समोरच्याला काय उत्तर दिले, यावर ती ठरते.

ही दृष्टी आपल्या परंपरेला नवी नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भदंत नागसेन यांचा संवाद 'मिलिंद प्रश्न' या ग्रंथात आला आहे. संवादाच्या आरंभी नागसेन एक अट घालतात. राजा पंडितांप्रमाणे चर्चा करणार असेल तर आपण बोलू, राजांप्रमाणे करणार असेल तर नाही. पंडितांच्या चर्चेत मुद्दे मांडले जातात, खोडले जातात, चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते, आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र आपले मत सांगतात आणि जो मान्य करणार नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंदाने पहिली रीत पत्करली, म्हणून तो संवाद झाला. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे १९५० साली सुरू केलेले महाविद्यालय मिलिंद महाविद्यालय म्हणून आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, अशा दोघांचीही नावे एका विद्यासंकुलात नांदत आहेत.

उत्तर देण्याविषयीही धम्माचे मार्गदर्शन अत्यंत व्यावहारिक आहे. अंगुत्तर निकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. आजच्या परिसंवादात ते जसेच्या तसे उपयोगी पडतात.

पहिला प्रकार सरळ उत्तराचा. राखीव जागेवर अभियांत्रिकीला प्रवेश घेताना जातवैधता प्रमाणपत्र लागते का, असे एखाद्या पालकाने विचारले तर "होय, लागते, त्यासाठी आधीपासून अर्ज करा" एवढेच सांगावे. येथे प्रस्तावना करणे म्हणजे ऐकणाऱ्याचा वेळ घेणे होय.

दुसरा प्रकार विभागून उत्तर देण्याचा. त्या माउलीचा प्रश्न या जातीचा होता. डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि त्यानंतर पदवीची चार. दोन्ही वाटांनी अभियांत्रिकीच्या पदवीपर्यंत दहावीनंतर सहाच वर्षे लागतात. मुलगा यंत्रांत रमणारा असेल आणि घराला त्याच्या मिळकतीचा आधार लवकर लागणार असेल, तर तीन वर्षांनी हाती एक पात्रता देणारा डिप्लोमा बरा. त्याला वैद्यकीय शाखेकडे जायचे असेल किंवा त्याचा कल अजून ठरलेला नसेल, तर अकरावी बरी. एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात.

तिसरा प्रकार उलट प्रश्न विचारून उत्तर देण्याचा. नोकरी सोडून धंदा सुरू करू का, असे एखादा तरुण विचारतो. कोणता धंदा, भांडवल कोठले, सहा महिने उत्पन्न झाले नाही तर घर कसे चालेल, हे त्याला विचारल्यावाचून होय किंवा नाही म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पुष्कळदा या प्रश्नांची उत्तरे देता देताच त्याला स्वतःचे उत्तर सापडते.

चौथा प्रकार बाजूला ठेवण्याच्या प्रश्नांचा. अमुक नेत्याने समाजाला फसवले हे तुम्हाला मान्य आहे की नाही, अशा प्रश्नातून मंडपात भांडण उभे राहते, ज्ञान हाती लागत नाही. असा प्रश्न विचारणाऱ्याचा अपमान न करता "आजचा विषय हा नाही" असे शांतपणे म्हणून पुढे जावे.

त्याच निकायात चर्चेस कोण योग्य आणि कोण अयोग्य, याचेही वर्णन आहे. विचारले एक आणि सांगितले दुसरेच, चर्चा विषयाबाहेर नेली, राग दाखवला, दुसऱ्याची थट्टा केली, त्याच्या बोलण्यातील किरकोळ चूक धरून बसला, तर तो मनुष्य चर्चेस अयोग्य समजावा. हे वाचताना मला तो जयंतीचा मंडप आठवतो.

तयारीचा आदर्श मात्र बाबासाहेबांकडूनच घ्यावा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या त्यांनी प्रथम तपासल्या, त्यांतील ग्राह्य अंश घेतला आणि मगच स्वतःचे मत मांडले. आपला सिद्धान्त टिकणारा नाही असे कोणी दाखवून दिले तर तो सोडून देण्याची तयारीही त्यांनी शेवटी व्यक्त केली. पुढे २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे आणि २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात सायमन आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. दोन्ही वेळी लेखी निवेदन सिद्ध होते. गोलमेज परिषदेतही त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी आपल्या मागण्यांचा मसुदा अल्पसंख्याक उपसमितीला लेखी सादर केला. ही साधी परिसंवादांची व्यासपीठे नव्हती. तेथे कोट्यवधी माणसांचे भवितव्य पणाला लागले होते. परंतु रीत तीच होती : आधी अभ्यास, मग लेखन, आणि शेवटी बोलणे.

गोलमेज परिषदेतील आणखी एक गोष्ट व्यावसायिक चर्चासत्रांत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ध्यानात ठेवावी. बाबासाहेबांना तेथे अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून आसन मिळाले होते. पण २० नोव्हेंबर १९३० च्या भाषणात त्यांनी ब्रिटिश राज्याचा हिशेब मांडला आणि लोकांच्या राज्याची मागणी केली. दुसऱ्या परिषदेत ते संघराज्य रचना समितीतही होते. एका समाजाच्या आसनावर बसून ते साऱ्या देशाच्या राज्यव्यवस्थेविषयी बोलत राहिले. आज कारखान्यातील सुरक्षेवरील चर्चेत आपल्या एखाद्या मुलीला बोलावतात, आणि इतरांना यंत्रांविषयी विचारून तिला केवळ तिच्या गरिबीविषयी आणि संघर्षाविषयी विचारतात. तिने तो संघर्ष लपवू नये, त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. मात्र त्यावर एक-दोन वाक्ये बोलून तिने यंत्रांकडे वळावे. ज्या विषयाचे ज्ञान तिने कमावले आहे, त्यावर बोलण्याचा अधिकार तिने सोडू नये.

आयोजकांनीही वेळेचा हिशेब करावा. दीड तासाच्या कार्यक्रमात सत्काराला पंधरा मिनिटे आणि चार वक्त्यांना प्रत्येकी पंधरा दिली, तर प्रश्नांसाठी पंधराच उरतात. पहिल्या वक्त्याने दहा मिनिटे जास्त घेतली की त्यांतली पाचच राहतात. बहुतेक वेळा त्याचा फटका शेवटी ठेवलेल्या महिला वक्त्याला आणि मागच्या रांगेतील पालकांना बसतो. त्याऐवजी प्रत्येक वक्त्याला आरंभी सहा मिनिटे द्यावीत, म्हणजे चोवीस. पंचवीस मिनिटे आपसांतील चर्चेला ठेवावीत आणि पूर्ण तीस मिनिटे श्रोत्यांना. स्वागत आणि समारोप उरलेल्या अकरा मिनिटांत सहज बसतात. सूत्रसंचालकाने वक्त्यांना विषय आणि वेळ आठवडाभर आधी कळवावी, आणि वेळ संपताच ज्येष्ठ वक्त्यालाही अदबीने थांबवावे.

वक्त्यासाठी काही गोष्टी पुरेशा आहेत. निबंध वाचू नये. तीन मुद्दे एका कागदावर लिहून न्यावेत. आकडा सांगायचा असेल तर तो आदल्या दिवशी पडताळून घ्यावा. शेजारचा वक्ता बोलत असताना मोबाईल पाहू नये, त्याचा एखादा मुद्दा टिपून घ्यावा आणि आपल्या बोलण्यात त्याचा उल्लेख करावा. मतभेद असेल तर तो मताशी ठेवावा, माणसाशी नव्हे. उत्तर ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, विचारणाऱ्याचा फोन नंबर घ्यावा आणि माहिती काढून कळवावी. तशा प्रामाणिकपणाने व्यासपीठाची शोभा कमी होत नाही.

ही सवय मात्र मोठेपणी एकदम लागत नाही. आपल्या वसतिगृहात संध्याकाळच्या वंदनेनंतर आठवड्यातून एकदा चार मुलांनी गोल बसून एखाद्या विषयावर बोलावे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. विषय जेवणाच्या पंगतीचा असो वा पाण्याच्या टाकीचा, हरकत नाही. शेवटी प्रश्न विचारणाऱ्याला एवढेच विचारावे, "तुला उत्तर मिळाले का?" माजी विद्यार्थ्यांनी अधूनमधून येऊन त्या वर्तुळात बसावे, अशी माझी विनंती आहे. मीही येईन. त्या माउलीच्या मुलाने पुढे काय केले, हे मला कधीच कळले नाही. परंतु तिच्यासारखेच प्रश्न मनात घेऊन बसलेले पालक आपल्या शाळेच्या प्रत्येक मेळाव्यात असतात.